जागच्या जागी घाट

वजनकाट्यावर उभा राहणारा माणूस पोट आत ओढून घेतो, हे तुमच्याही पाहण्यात आले असेल. पोट आत ओढल्याने वजन कमी भरत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. तरी तो ओढतो. माप घेण्याची वेळ आली की आहोत त्यापेक्षा जरा बरे दिसावे, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. उंची, वजन, छाती, रक्तदाब, रक्तातली साखर यांची मापे आपण वेळोवेळी देत आलो. पण आपल्या अंगात एकंदर बळ किती आहे, हे मोजून घेण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. 'अजून चार माणसांना भारी आहे' असे पानसुपारीच्या वेळी म्हणण्याची सोय त्यामुळे शाबूत राहते.

आमच्या घरातली ही सोय यंदाच्या ज्येष्ठात संपली. माझा पुतण्या न्हावाशेव्याकडच्या एका कंटेनर यार्डात हिशेबनीस आहे. त्याने बोनसच्या पैशातून एक यंत्र आणले आणि ओटीवर मांडले. सायकलचे मागचे चाक काढून बाजूला ठेवायचे, त्या जागी हे यंत्र जोडायचे, साखळी यंत्राच्या दातेरी चक्रावर चढवायची आणि पायडल मारू लागायचे. यंत्राच्या पोटात एक जड चक्र असते आणि त्याला आवरून धरणारे विद्युतचुंबक असते. पायांनी लावलेला जोर तिथल्या तिथे मोजला जातो आणि हँडलसमोर ठेवलेल्या मोबाइलवर त्याचा आकडा उमटतो. सायकल मात्र तसूभरही पुढे सरकत नाही. माझ्या थोरल्या बंधूंनी, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ओटीवरच्या आपल्या खुर्चीतून हा प्रकार दोन दिवस मुकाट्याने पाहिला आणि तिसऱ्या दिवशी विचारले, "मना सांग, ही सायकल जाते तरी कुठं?"

प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर सायकलपेक्षा आमच्या गावाच्या रस्त्यांकडे अधिक होते. आमचे जासई उरण तालुक्यातले. माझ्या लहानपणी इथे भाताची शेते, खाडी आणि मिठागरे होती आणि शाळेत जाणारे पोर रस्त्याच्या मधून चालले तरी आई ओरडत नसे. १९८९ साली शेजारी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि जगाचा माल आमच्या दारावरून जाऊ लागला. आज दास्तान फाट्याला उभे राहिले की चाळीस फुटी पेट्या पाठीवर घेतलेल्या ट्रेलरांची रांग दिसते. त्या रांगेच्या कडेने सायकल हाकणे म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीत उंदराने घुसण्यासारखे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. त्याचे एक टोक आमच्या शेजारी, चिर्ल्याला येते. जवळजवळ २२ किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता दाराशी आला. सायकलस्वाराच्या तोंडाला पाणी सुटावे असा! पण त्यावर मोटारसायकललासुद्धा मज्जाव आहे, तिथे आमच्या दोन चाकांना कोण विचारतो? शिवाय जूनपासून चार महिने कोकणचा पाऊस. तेव्हा घरात बसून सायकल चालवणे हे पुतण्याचे खूळ नव्हते. त्यामागे त्याच्या आईने घातलेली अट होती. "चालवायची तर घरात चालव," असे वहिनींनी बजावले होते.

मी पेशाने शाळामास्तर, विज्ञान शिकवणारा. त्यामुळे यंत्रापेक्षा त्यावरच्या आकड्याने मला अधिक भुरळ घातली. तो आकडा वॅटचा असतो. वॅट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विजेचा दिवा येतो. पण वॅट हे कामाच्या वेगाचे माप आहे, मग ते काम वीज करो की माणूस. शंभर ग्रॅमचे पुडके एका सेकंदात एक मीटर वर उचलले तर सुमारे एक वॅट शक्ती खर्ची पडते. ज्याच्या नावाने हे माप चालते त्या जेम्स वॅटने घोड्याच्या कामावरून अश्वशक्ती ठरवली होती. ती ७४६ वॅट भरते. सायकलच्या वेगावरून स्वाराची ताकद ओळखू जाल तर फसाल, कारण पाठीवर वारा असला की कोणीही शूर होतो. नाडीवरून ओळखू जाल तर तीही रात्रीच्या जागरणाने, उकाड्याने, नुसत्या कपभर चहाने किंवा भीतीने वाढते. वॅटचे तसे नाही. पायडलवर किती जोर पडला आणि ते किती वेगाने फिरले, या दोहोंच्या गुणाकारात वाऱ्याला आणि वशिल्याला जागा नाही.

आता परीक्षेची रीत सांगतो. तिला पायऱ्यांची परीक्षा म्हणावे. आधी दहा मिनिटे हलक्या हाताने, म्हणजे हलक्या पायाने, अंग गरम करायचे. मग यंत्र १०० वॅटवर लावायचे. एक मिनिट झाले की यंत्र आपण होऊन २० वॅट वाढवते. पुढच्या मिनिटाला आणखी २०. अशा पायऱ्या चढत जायचे आणि पाय थांबले की परीक्षा संपली. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकार नाही. प्रत्येक जण कुठे ना कुठे थांबतोच. किती उंचीवर थांबला एवढेच टिपून घ्यायचे. यात यंत्राची एक खोड लक्षात ठेवावी लागते. त्याला ठरलेले वॅट हवे असतात. तुम्ही दमून पाय सावकाश केलेत की ते तेवढेच वॅट वसूल करण्यासाठी पायडल अधिक जड करते. ते जड झाले की पाय आणखी सावकाश होतात. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र एकदा मागे लागले की दहा-पंधरा सेकंदांत माणूस खाली उतरतो.

माझी पाळी आली तेव्हा घरातली सगळी मंडळी ओटीवर जमली. १०० आणि १२० वॅटला मी वहिनींशी भाजीच्या भावावर बोलत होतो. १४०ला वाक्ये आखूड झाली. १६०ला 'हो' आणि 'नाही' एवढीच भाषा उरली. १८०ला मान हलवून काम भागवले आणि २००ला समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख दिसेनाशी झाली. २२०वर अर्धे मिनिट काढून मी थांबलो. शेवटच्या एका मिनिटाची सरासरी भरली २१०. हा बोलण्याचा अनुभव मी मुद्दाम सांगितला. घरात कसलेही यंत्र नसले तरी चालताना किंवा जिना चढताना सलग वाक्य बोलता येते की नाही, यावरून आपण किती जोर लावीत आहोत हे बऱ्यापैकी कळते.

पण २१० हे काही माझे खरे उत्पन्न नव्हे. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत शरीर उसनवारी करते. श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूवर जेवढे काम निभते त्याच्या वर जाऊन स्नायू आपल्या शिलकीतून खर्च करतात आणि ते कर्ज लगेच फेडावे लागते. खरा प्रश्न असा की उधारी न करता माणूस तासभर सलग किती जोर लावू शकेल? सायकलच्या तालमीत आज याच आकड्याला महत्त्व आहे. अमेरिकेतल्या हंटर ॲलन आणि अँड्र्यू कॉगन यांच्या २००६ सालच्या पुस्तकाने तो जगभर रूढ केला. तासभर जीव तोडून सायकल मारणे रोज कोणाला जमणार? म्हणून आडवाटा निघाल्या. वीस मिनिटे जमेल तेवढ्या जोराने चालवून आलेल्या सरासरीचे ९५ टक्के धरायचे, ही एक. पायऱ्यांच्या परीक्षेतल्या शेवटच्या मिनिटाचे ७५ टक्के धरायचे, ही दुसरी. माझे २१०चे झाले १५७ वॅट. म्हणजे घोड्याचा पाचवा हिस्सा. घरातला ७५० वॅटचा मिक्सर चालवायचा म्हटले तर माझ्यासारखे पाच मास्तर शेजारी शेजारी बसवावे लागतील. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "त्यापेक्षा पाटा-वरवंटा बरा!"

टक्क्यांचा हा हिशेब ओटीवर कोणाला फोड करून सांगावा लागला नाही. आमच्या गावाइतके टक्के कोणाला कळतात? नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा त्यांच्या रास्त मोबदल्यासाठी आमच्याच जासईचे दि. बा. पाटील उभे राहिले. १९८४ सालच्या जानेवारीत आंदोलन पेटले, गोळीबार झाला, पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. त्यामुळे अमुक इतके दिले आणि त्यातले तमुक इतके हातात आले, हा व्यवहार इथल्या पोराटोरांना पाठ आहे. दादा एवढेच म्हणाले, "पंच्याहत्तर टक्के मिळतात? मग घेऊन टाक."

पण मास्तराचा जीव. अंदाज आला की पडताळा हवा. हे ७५ टक्के सर्वांना सारखेच लागू पडतात का, याचा आम्ही पुढच्या दोन आठवड्यांत छडा लावला. पुतण्या कबड्डी खेळणारा. चढाईला जाऊन अर्ध्या मिनिटात चार गडी अंगावर घेऊन येणारा. त्याने ३२० वॅटची पायरी पुरी केली. त्याचा अंदाज निघाला २४०. प्रत्यक्ष तासभर बसला तेव्हा २१५च्या पुढे तो टिकला नाही. गावातले एक दूधवाले काका आहेत, साठी उलटलेले. चाळीस वर्षे त्यांनी सायकलवर दुधाच्या किटल्या वाहिल्या. ते १९०वरच थांबले. अंदाज १४२चा; पण तासभर त्यांनी १५५ वॅट हसत काढले आणि शेवटी विचारले, "झालं का?" कारण उघड आहे. पुतण्याची उधारीची ऐपत मोठी, म्हणून शेवटच्या पायऱ्या तो उधारीवर चढला आणि परीक्षेने त्याला मिळकतीपेक्षा श्रीमंत ठरवले. काकांनी जन्मात उधारी केली नाही. परीक्षेने त्यांना गरीब ठरवले. दहा-बारा मिनिटांची परीक्षा दहा-बारा मिनिटांपुरतेच बोलते. अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने पुरी केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली ती एकट्याने केली. तिथे शेवटच्या मिनिटाचा जोर कामाचा नसतो. दिवसरात्र न संपणारा मध्यम जोर लागतो. तेव्हा पायऱ्यांचा आकडा हा हिशेबाचा आरंभ समजावा. त्याला ताळेबंद समजू नये.

हा आकडा कामाचा कसा, तेही सांगतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या मुकुटावर माझा डोळा नाही. पण घाट मला किती वेळात चढता येईल, हे मी आमच्या ओटीवर बसून काढले. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची उंची धरा ५०० मीटर. मी आणि सायकल मिळून ८२ किलो. एवढे ओझे एवढे वर न्यायला सुमारे चार लाख ज्यूल काम पडते. १५० वॅटने ते काम ४५ मिनिटांचे. रस्त्याचे घर्षण आणि वारा धरला तर पन्नासाच्या थोडे वर. पुतण्या २४० वॅट आपल्या अंगात आहेत असे समजून खोपोलीहून सुटला असता तर निम्म्या घाटात रस्त्याकडेला बसला असता. २१५ समजून निघाला तर वर पोचेल. आणखी एक गंमत. शरीर अन्नातल्या ऊर्जेपैकी चौथा-पाचवा हिस्साच पायडलपर्यंत पोचवते. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून १५० वॅट काम करणारा माणूस त्याच वेळी पाचशे वॅटची शेगडी होऊन बसलेला असतो. रस्त्यावर वारा ही शेगडी विझवतो; ओटीवर तो नसतो, आणि आषाढातल्या दमट हवेत घाम अंगावरून हटत नाही. म्हणून परीक्षेच्या वेळी समोर पंखा हवा, आणि दर वेळी तोच पंखा, तीच जागा, दिवसाची तीच वेळ हवी. नाहीतर मागच्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा आकडा यांत तुलना पंख्यांची होईल, माणसाची होणार नाही.

इथवरची गोष्ट हौसेची होती. पुढची तशी नाही.

दादा पासष्टीचे आहेत. तरुणपणी त्यांनी मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. मिठागरे गेली तेव्हा बंदरात कामाला लागले. १९८४च्या त्या जानेवारीत चोवीस वर्षांचे दादा फाट्यावरच्या गर्दीत होते आणि एका जखमी माणसाला खांद्यावर टाकून त्यांनी गावापर्यंत आणले होते. तेव्हा त्यांच्या अंगात किती वॅट होते हे कोणी मोजले नाही. मोजायची गरजही नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. पनवेलच्या डॉक्टरांनी हृदयाची नळी उघडून आत जाळी बसवली आणि दादा आठवड्याने घरी आले. पण खरे सांगायचे तर घरी आले ते दादा निराळेच होते. वहिनी त्यांना काचेच्या भांड्यासारखे जपू लागल्या. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांच्या हातात भरून द्यायचा. जिना चढायचा नाही, बाजारात जायचे नाही, ओटीवरची खुर्ची हीच त्यांची जागा. वहिनींचे चुकत होते असे नाही. ती रात्र त्यांनी पाहिली होती. आणि दादाही हळूहळू तसेच बसू लागले, तसेच उठू लागले. स्वतःच्या छातीवर हात ठेवून, कान लावून ऐकत असल्यासारखे. गेल्या वर्षी गणपतीचा पाट वरच्या खोलीतून पुतण्याने आणला. सोळाव्या वर्षापासून तो पाट दादा आणीत. त्या दिवशी ते खुर्चीतून फक्त बघत होते.

वरकरणी आमच्या खेळाशी याचा संबंध नव्हता. पण मला आठवले की डॉक्टरांनी दादांना पट्ट्यावर चालवले होते, तीही पायऱ्यांचीच परीक्षा! १९६३ साली अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी ती नीट बसवून दिली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा चढ आणि वेग वाढत जातो आणि हृदयाचा आलेख काढत राहतात. या परीक्षांचे घराणे जुने आहे. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोघ यांनी १९१३ साली विद्युतचुंबकाने अडवली जाणारी सायकल तयार केली. आमच्या ओटीवरचे यंत्र तिचेच पणतू. महायुद्धाच्या दिवसांत हार्वर्डमध्ये वीस इंची बाकावर मिनिटाला तीस वेळा चढउतार करायला लावून जवानांची परीक्षा घेत. १९५४ साली स्वीडनच्या ऑस्ट्रांड आणि रिमिंग यांनी दाखवले की माणसाला दमवून पाडण्याची गरज नाही. ठराविक वॅटला नाडी किती चालते यावरूनही त्याच्या दमाचा अंदाज बांधता येतो. हे शेवटचे वाक्य मला दादांसाठीच लिहिल्यासारखे वाटले.

वहिनींची संमती मिळवणे हे हृदयाची नळी उघडण्याइतकेच नाजूक काम होते. मी, पुतण्या आणि वहिनी असे तिघे दादांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख काढला, जुने कागद पाहिले आणि सांगितले की सायकल चालवायला हरकत नाही, उलट चालवावी. मात्र नाडी ११०च्या वर जाऊ द्यायची नाही, छातीत दुखले, चक्कर आली, दम कोंडला की त्या क्षणी थांबायचे, आणि माझ्यासारखी पाय थांबेपर्यंतची परीक्षा दादांनी देता कामा नये. आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली. दादांना जी गोळी चालू आहे ती नाडीला लगाम घालते. त्यामुळे वयावरून नाडी काढायचे पुस्तकातले सूत्र त्यांना लागू नाही आणि त्यांच्या आकड्याची माझ्या आकड्याशी तुलनाही करायची नाही. गोळी तीच आणि तेवढीच असेल तोवर दादांची तुलना फक्त दादांशी.

आषाढातल्या एका सकाळी दादा सायकलवर बसले. ३० वॅटपासून आरंभ, दर तीन मिनिटांनी १० वॅटची पायरी. वहिनी हातात वही घेऊन शेजारी. नाडी त्याच टिपणार, दुसऱ्या कोणावर त्यांचा विश्वास नव्हता. ३०ला ८८. ४०ला ९४. ५०ला १०१. ६०ला १०८. तिथे आम्ही थांबवले. दादांना विशेष दम लागलेला नव्हता. वहिनींना मात्र लागला होता. त्या दिवसापासून रोज सकाळी अर्धा तास ४० वॅट. बाहेर ट्रेलर वाजत जात आणि ओटीवर दादा पंख्यासमोर संथपणे पायडल मारीत. दर पंधरा दिवसांनी वही. श्रावण सरता सरता ६० वॅटला नाडी ९७ झाली आणि ११०ची हद्द ८० वॅटच्या पायरीवर आली. दोन महिन्यांपूर्वी जे काम करताना हृदयाला मिनिटाला १०८ ठोके द्यावे लागत, तेच आता ९७ ठोक्यांत होऊ लागले. धडधड कमी, काम तेवढेच. हृदयाची काटकसर!

आता तुम्ही म्हणाल, साठ वॅट म्हणजे मोठेसे काय? एक जुना लहानसा दिवा. तर ऐका. आमच्या घराला वरच्या खोलीपर्यंत अठरा पायऱ्या आहेत. उंची तीन मीटर. दादांचे वजन ७० किलो. ते वर न्यायला सुमारे दोन हजार ज्यूल लागतात. वीस सेकंदांत धावत चढले तर ते १०० वॅट होतात. आणि चाळीस सेकंदांत, दोन आकडे मोजत एक पायरी अशा बेताने चढले, तर ५० वॅट. आणि ५० वॅट तर दादा रोज सकाळच्या रपेटीत, नाडी शंभराच्या आत ठेवून, मधूनमधून काढीत होते. हा हिशेब मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडला, पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवला, आणि त्यांनी "चढू द्या, सावकाश," असे म्हटल्यावर वहिनींपुढे ठेवला. दोन वर्षे आम्ही त्यांना 'काही होत नाही हो, चढू द्या' असे सांगत आलो होतो. त्या बोलण्याला त्यांनी कधी किंमत दिली नव्हती आणि ती देऊही नये. आपले माणूस गमावता गमावता वाचलेल्या बाईला धीर देणारे बोल पुरत नाहीत. पण वहीतला आकडा त्यांच्याच अक्षरातला होता. त्यांनीच मोजलेली नाडी, त्यांनीच लिहिलेली तारीख. त्या बराच वेळ वही बघत राहिल्या आणि काही न बोलता आत गेल्या.

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दादा जिन्यापाशी गेले. मागे वहिनी, त्यांच्यामागे पुतण्या. वहिनी मोठ्याने मोजत होत्या, "एक, दोन. एक, दोन." आणि दर दोनाला दादा एक पायरी. वर पोचून त्यांनी खिडकी उघडली. पूर्वी तिथून मिठागरे दिसत. आता बंदराच्या क्रेन आणि दिव्यांच्या रांगा दिसतात. दादा थोडा वेळ बघत उभे राहिले, मग पाट काखेत घेऊन जसे गेले तसे उतरले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनींनी नाडी घेतली, वहीत लिहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "जिना चढता येतो, तर उद्यापासून दळण तुम्हीच आणायचं." दोन वर्षांत दादांना कोणी काम सांगितले नव्हते. ते ऐकून दादांच्या तोंडावर जे हसू आले ते वॅटमध्ये मोजता येण्यासारखे नव्हते.

हे वाचून कोणी दिवाळीच्या सुट्टीत यंत्र आणायला धावू नये. ते महाग असते. घरातला जिना आणि मनगटावरचे घड्याळ हीसुद्धा बरी साधने आहेत. चाळिशी उलटली असेल, छातीची, रक्तदाबाची किंवा साखरेची तक्रार असेल तर आधी डॉक्टर, मग पायऱ्या, हा क्रम मात्र सोडू नये. आणि आकडा हाती आला की तो शेजाऱ्याला सांगायला जाऊ नये. शेजाऱ्याचे वजन निराळे, वय निराळे, गोळ्या निराळ्या. पुतण्याचे २१५, माझे १५०, दादांचे ६०: या तीन आकड्यांत श्रेष्ठ कोणता, असे माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाने विचारले. मी त्याला सांगितले, की प्रत्येक आकड्याला फक्त कालच्या स्वतःशी भांडता येते. बळाचा गर्व मोडायला हे माप चांगले आहे हे मला ठाऊक होतेच; पण गेलेला धीर परत आणायलाही ते तितकेच चांगले आहे, हे आमच्या ओटीवर यंदा कळले.

वही अजून चालू आहे. दादांचा स्तंभ ७० वॅटपर्यंत आला आहे. पुतण्या पावसाळा सरल्यावर, पहाटे ट्रेलर कमी असतात त्या वेळी, खोपोलीला जाऊन घाट चढणार आहे, २१५ वॅट धरून. आणि गिरणीवाला परवा मला म्हणाला, "मास्तर, दादांना सांगा, एवढे दळण एकदम नका आणू, थोडे थोडे आणा. तेवढीच रोज भेट होते."